लघुशोधप्रबंधासाठी संदर्भ शोधताना: एमएसडब्ल्यूच्या विद्यार्थ्यांसाठी क्रमवार मार्गदर्शक

एमएसडब्ल्यूच्या, म्हणजे समाजकार्यातल्या पदव्युत्तर पदवीच्या, शेवटच्या वर्षी बहुतेकांचा क्रम ठरलेला असतो. विषय मंजूर झाला की मुलाखत अनुसूची (मुलाखतीत विचारायच्या प्रश्नांची यादी) बनवायची, फिल्डवर जायचं, तक्ते काढायचे आणि मग सबमिशनला पंधरा दिवस उरले की ‘संदर्भ साहित्याचा आढावा’ हे प्रकरण लिहायला घ्यायचं. तोवर अनुसूचीत काय विचारायला हवं होतं हे कळून उपयोग नसतो. मग गुगलवर विषयाचं शीर्षक टाकून वर आलेले दहा दुवे त्या प्रकरणात भरले जातात.

साधनांचा तुटवडा हे यामागचं कारण क्वचितच असतं. क्रम उलटा असतो, एवढंच. खाली तो सुलट करून दिला आहे. उदाहरण एकच घेतलं आहे, म्हणजे एका टप्प्यातून दुसऱ्यात कसं जायचं ते दिसेल: ‘बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगारांच्या मुलांचं शिक्षण’. तुमचा विषय वेगळा असला तरी रीत हीच.

## 1. आधी विषयाचा प्रश्न करा

‘ऊसतोड कामगारांच्या मुलांच्या शैक्षणिक समस्या: एक अभ्यास’ हे शीर्षक विद्यापीठाला चालतं, पण शोधाला ते निरुपयोगी आहे. ‘समस्या’ हा शब्द टाकून काहीही सापडतं आणि हाती काहीच लागत नाही. त्याऐवजी एक प्रश्नार्थक वाक्य लिहा: आईवडील कारखान्यावर गेल्यावर गावात मागे राहिलेल्या मुलांची शाळेतली हजेरी कशावर अवलंबून असते? आजीआजोबांवर, हंगामी वसतिगृहावर (तोडणीच्या काळात अशा मुलांची सोय करणाऱ्या), की मोठ्या बहिणीवर?

वाक्य झालं की त्यातले घटक सुटे करा. इथे चार आहेत: कोण (ऊसतोड कुटुंबातली मुलं), कुठे (बीड), काय (हजेरी, गळती), कशामुळे (हंगामी स्थलांतर, सांभाळणारं माणूस, वसतिगृह). पुढचा सगळा शोध या घटकांवर चालणार आहे.

तपासा: प्रश्न वाचून ‘हो’ किंवा ‘नाही’ एवढंच उत्तर येत असेल तर तो अजून कच्चा आहे. गाईडना दाखवा आणि मगच पुढे जा.

## 2. शब्दांची यादी

हा टप्पा जवळजवळ सगळे गाळतात, आणि सर्वांत जास्त नुकसान इथेच होतं. एकाच गोष्टीला फिल्डवर एक शब्द असतो, शासनाच्या कागदावर दुसरा आणि इंग्रजी नियतकालिकात तिसरा. एका शब्दाने शोधलं की उरलेल्या दोन जगांतलं काहीच दिसत नाही.

एका पानावर तीन रकाने आखा.

पहिल्या रकान्यात लोकांचे शब्द: कोयता, टोळी, मुकादम (मजुरांची टोळी जमवणारा), उचल (मजुरीची आगाऊ रक्कम), कोपी (मजुरांची तात्पुरती झोपडी). मराठी वृत्तपत्रं आणि मासिकांतले लेख या शब्दांनी सापडतात. मात्र नवरा-बायकोची जोडी मिळून एक कोयता, हे ठाऊक नसेल तर आकडे वाचतानाच घोळ होतो. ‘दहा कोयते’ म्हणजे दहा माणसं नव्हेत.

दुसऱ्यात शासनाचे शब्द: ऊसतोड कामगार, स्थलांतरित बालके, शाळाबाह्य मुले, हंगामी वसतिगृह, शिक्षण हमी. शासन निर्णयात ‘कोयता’ सापडणार नाही.

तिसऱ्यात संशोधनाचे इंग्रजी शब्द. ते अर्थातच रोमन लिपीत टाईप करायचे: शुगरकेन कटर, केन हार्वेस्टर, सीझनल मायग्रेशन, सर्क्युलर मायग्रेशन, डिस्ट्रेस मायग्रेशन, लेफ्ट-बिहाइंड चिल्ड्रन. यातला शेवटचा शब्दप्रयोग फार कामाचा आहे. मागे राहिलेल्या मुलांवर जगभर जे लिहिलं गेलं आहे, ते त्याच नावाखाली असतं.

सावधान: देवनागरीत शोधताना संगणकाला ‘ऊसतोड’ आणि ‘उसतोड’ हे दोन वेगळे शब्द वाटतात. ‘ऊस तोडणी’ तिसरा, ‘ऊसतोडणी’ चौथा. सगळी रूपं वेगवेगळी टाकून पाहा. जुन्या मराठी पीडीएफ फाइल युनिकोडमध्ये नसतात. त्या डोळ्यांना मराठी दिसतात, पण त्यांतला मजकूर कॉपी केला की भलतीच अक्षरं उमटतात. अशा फाइलमध्ये शब्द शोधून काही सापडत नाही, तेव्हा अनुक्रमणिका पाहून पानं उलटावी लागतात.

## 3. नोंदीची सोय आजच करा

शोध सुरू करण्यापूर्वी, नंतर नाही. झोटेरो हे सॉफ्टवेअर मोफत आहे आणि मराठी नोंदीही नीट ठेवतं. ते जमत नसेल तर साधी एक्सेल शीट पुरते. लेखक, वर्ष, शीर्षक, कुठे प्रसिद्ध झालं, पान क्रमांक, दुवा आणि पाहिल्याची तारीख, कुठल्या ग्रंथालयात कोणत्या क्रमांकाखाली सापडलं, आणि तुमच्या प्रश्नाशी त्याचा संबंध काय, असे रकाने करा. शेवटचा रकाना रिकामा राहत असेल तर तो संदर्भ तुम्हाला नकोच आहे.

दुसऱ्याची वाक्यं उतरवून घेताना अवतरणचिन्हं आणि पान क्रमांक तिथल्या तिथे टाका. दोन महिन्यांनी स्वतःचं वाक्य कोणतं आणि उतरवलेलं कोणतं हे कुणालाच आठवत नाही, आणि साहित्यचौर्य तपासणाऱ्या सॉफ्टवेअरला तुमचा हेतू कळत नाही.

## 4. कॉलेजचं ग्रंथालय: एका रॅकपुरतं पाहू नका

बहुतेक ग्रंथालयांत ड्यूई दशांश पद्धत असते. समाजकार्याची पुस्तकं 361 आणि 362 मध्ये, म्हणून विद्यार्थी त्याच रॅकशी उभे असतात. पण आपला विषय एका रॅकवर मावत नाही. स्थलांतर 304.8 मध्ये आहे, कामगार 331 मध्ये, शाळा आणि विद्यार्थी 371 मध्ये, मुलांसाठीच्या सेवा 362.7 मध्ये. संशोधन पद्धतीची पुस्तकं 001.4 आणि 300.72 अशा दोन ठिकाणी विखुरलेली असतात. इतर विषयांसाठीही हे क्रमांक लिहून ठेवा: मानसिक आरोग्य आणि व्यसन 362.2, दिव्यांग 362.4, वृद्ध 362.6, गुन्हेगारी 364.

ओपॅकवर, म्हणजे ग्रंथालयाच्या संगणकीय तालिकेत, शीर्षकाने शोधण्याऐवजी विषयाने किंवा कीवर्डने शोधा. एक नेमकं पुस्तक सापडलं की त्याचा बोलांक (कॉल नंबर, म्हणजे पुस्तकाची रॅकवरची जागा सांगणारा क्रमांक) घेऊन रॅकवर जा आणि डावी-उजवीकडची वीसेक पुस्तकं चाळा. मराठी पुस्तकांचा रॅक अनेकदा वेगळा असतो आणि त्यांच्या ओपॅकमधल्या नोंदी कधी देवनागरीत, कधी रोमनमध्ये असतात. दोन्ही लिप्यांत पाहा.

इथली खरी संपत्ती मात्र मागच्या कपाटात असते: आपल्याच कॉलेजचे जुने एमएसडब्ल्यू प्रबंध. ते इंटरनेटवर क्वचितच सापडतात आणि सहसा घरी नेता येत नाहीत, तिथेच बसून वाचावे लागतात. त्यांचे निष्कर्ष डोळे झाकून घेऊ नका, त्यांत बरं-वाईट सगळंच असतं. पण त्यांच्या अनुसूची, नमुना निवडताना आलेल्या अडचणी आणि संदर्भसूची उपयोगी पडतात.

ग्रंथपालांकडे जाताना ‘सर, माझ्या टॉपिकवर काही आहे का?’ असं विचारलं की उत्तर बहुधा 361 च्या रॅककडे बोट असंच येतं. प्रश्नाचं वाक्य आणि शब्दांचं पान समोर ठेवा. आणि त्याच भेटीत तीन गोष्टी विचारून घ्या:

- कॉलेज एन-लिस्टचं (कॉलेजांना ई-पुस्तकं आणि ई-नियतकालिकं पुरवणाऱ्या योजनेचं) सभासद आहे का? असल्यास विद्यार्थ्यांना स्वतःचं लॉगिन मिळतं आणि घरून ई-पुस्तकं वाचता येतात. नावनोंदणी ग्रंथपालांमार्फतच होते.
- ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’, म्हणजे संशोधन नियतकालिकं वाचायला मिळण्याची सरकारी सोय, आपल्याला लागू आहे का? 1 जानेवारी 2025 पासून सुरू झालेली ही योजना केंद्र आणि राज्य सरकारांच्या संस्थांसाठी आहे. खासगी संस्थेचं कॉलेज असेल तर विद्यापीठाच्या ग्रंथालयात बसून वाचता येईल का, ते विचारा.
- डेलनेट या ग्रंथालयांच्या जाळ्यामार्फत किंवा दुसऱ्या ग्रंथालयाकडून पुस्तक मागवता येईल का?

## 5. शोधगंगा: शेवटच्या फाइलपासून सुरुवात

शोधगंगा हा गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट या संस्थेने सांभाळलेला पीएच.डी. प्रबंधांचा संग्रह. तो सर्वांना खुला आहे, लॉगिन लागत नाही. प्रबंध प्रकरणवार पीडीएफमध्ये असतो, आणि विद्यार्थी पहिलं प्रकरण उघडून प्रस्तावना वाचत बसतात.

उलट करा. आधी संदर्भसूचीची फाइल उघडा. कुणीतरी चार-पाच वर्षं खपून केलेली यादी तिथे आयती मिळते. मग दुसरं प्रकरण, म्हणजे सहसा साहित्याचा आढावा, वाचा, म्हणजे त्या यादीतलं महत्त्वाचं कोणतं ते कळतं. मग परिशिष्टातली प्रश्नावली. निष्कर्ष सर्वांत शेवटी.

मराठीतले प्रबंध शोधताना शीर्षक देवनागरीत, रोमन लिपीत आणि इंग्रजी भाषांतरात अशा तिन्ही रूपांनी पाहा. नोंद कुणी कशी केली आहे याचा नेम नाही. आणि विभाग ‘सोशल वर्क’ एवढाच धरू नका. ऊसतोडीवरचं काम अर्थशास्त्र, समाजशास्त्र, शिक्षणशास्त्र आणि भूगोलातही असतं.

सावधान: प्रबंधात ‘अमुक (1998) म्हणतात’ असं वाचलं म्हणून तुम्ही अमुक वाचलेले नाहीत. मूळ लेख मिळवा. मिळालाच नाही तर ‘अमुक, तमुक यांच्या प्रबंधात उद्धृत’ असं स्पष्ट लिहा. परीक्षक नेमका असाच संदर्भ उघडून विचारतात.

## 6. नियतकालिकं

समाजकार्यासाठी सुरुवात टाटा सामाजिक विज्ञान संस्थेच्या ‘इंडियन जर्नल ऑफ सोशल वर्क’पासून करा. ते 1940 पासून निघतं. कामगार, शेती आणि स्थलांतरासाठी मुंबईहून निघणारं ‘इकॉनॉमिक अँड पॉलिटिकल वीकली’ टाळून चालणारच नाही. त्यातले लेख पूर्ण वाचायला सभासदत्व लागतं, तेव्हा कॉलेजच्या किंवा विद्यापीठाच्या जोडणीवरून वाचा.

गुगल स्कॉलर वापरा, पण नीट. चांगला लेख सापडला की त्याखालच्या ‘साइटेड बाय’वर टिचकी मारा, म्हणजे त्या लेखाचा आधार घेऊन पुढे कुणी काय लिहिलं ते उलगडतं. शोधगंगेच्या संदर्भसूचीतून तुम्ही मागे जाता, इथून पुढे येता. लेखाला पैसे मागितले जात असतील तर ‘ऑल व्हर्जन्स’ पाहा. लेखकाने स्वतः ठेवलेली मोफत प्रत बऱ्याचदा तिथे असते.

लेख छापलेला आहे एवढ्यावर तो विश्वासार्ह ठरत नाही. पैसे घेऊन आठवड्याभरात काहीही छापणारी नियतकालिकं भरपूर आहेत, आणि मराठी-इंग्रजी-हिंदी असं सगळ्या विषयांचं एकत्र कडबोळं करणाऱ्या अंकांपासून तर दूरच राहा. यूजीसी-केअरची, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाची मान्य नियतकालिकांची, यादी 2025 मध्ये बंद झाली, त्यामुळे ‘यादीत आहे’ हा आधारही आता उरला नाही. लेखातच पाहा: नमुना कसा निवडला ते लिहिलं आहे का? आकडे कुठून आले? संदर्भसूचीत गेल्या दहा वर्षांतलं काही आहे का?

तपासा: एआयच्या चॅटबॉटकडून संदर्भांची यादी घेतली असेल तर प्रत्येक नोंद स्वतंत्रपणे उघडून पाहा. खरा लेखक, खरं नियतकालिक आणि अस्तित्वातच नसलेला लेख, असं मिश्रण त्यात सर्रास येतं. डीओआय (लेखाचा कायमचा ऑनलाइन ओळख क्रमांक) उघडत नसेल आणि त्या वर्षीच्या अंकाच्या अनुक्रमणिकेत लेख नसेल, तर नोंद खोडा.

## 7. आकडे: कशाची मोजणी झाली ते आधी वाचा

जनगणना. गाव पातळीवरचे आकडे ‘डिस्ट्रिक्ट सेन्सस हँडबुक’मध्ये मिळतात. भाग अ मध्ये गावातल्या सोयी, भाग ब मध्ये लोकसंख्येचा प्राथमिक गोषवारा. पण आपल्या विषयासाठी एक अडचण आहे. 2011 ची लोकगणना 9 ते 28 फेब्रुवारीत झाली, म्हणजे ऐन तोडणीच्या हंगामात. ऊसतोड कुटुंबं गावात नसताना झालेली ही मोजणी आहे, हे गावची लोकसंख्या वापरताना लिहायला हवं. शिवाय पुढची जनगणना 2027 ची, त्यामुळे 2011 चा आकडा ‘सध्याचा’ म्हणून देऊ नका. वर्ष आकड्याशेजारीच घाला.

राष्ट्रीय नमुना सर्वेक्षण. 2007-08 च्या 64 व्या फेरीत स्थलांतराची स्वतंत्र पाहणी आहे. तिथे अल्पकालीन स्थलांतरित म्हणजे वर्षभरात कामासाठी एक महिना ते सहा महिन्यांपेक्षा कमी काळ बाहेर राहिलेली व्यक्ती. दसरा-दिवाळीला निघून उन्हाळ्यात परतणारं कुटुंब कधी या व्याख्येत बसतं, कधी निसटतं. व्याख्या न वाचता आकडा उचलला की पुढचं सगळं विवेचन डळमळतं.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण. पाचवी फेरी 2019-21 ची. प्रत्येक जिल्ह्याचं स्वतंत्र तथ्यपत्रक मिळतं आणि बालविवाहाचं प्रमाणही त्यात आहे. मुलींच्या गळतीबद्दल लिहिणाऱ्याला ते लागणारच. तथ्यपत्रकात कंसात दिलेले आकडे 25 ते 49 इतक्याच नोंदींवर आधारलेले असतात, आणि 25 हून कमी नोंदी असतील तिथे फक्त तारांकन असतं. विद्यार्थी तो कंस काढून टाकतात आणि आकडा ठामपणे मांडतात. कंस ठेवा, कारणही लिहा.

यूडायस प्लस. शाळांच्या माहितीची ही सरकारी नोंदप्रणाली, शाळांचे आकडे इथे. पण हा पट आहे, हजेरी नव्हे. नोव्हेंबरात आईबापाबरोबर गेलेलं मूल पटावर असू शकतं. तुमच्या प्रश्नाचं उत्तर नेमकं या फटीत आहे, ते आयतं मिळणार नाही.

राज्याचं चित्र हवं असेल तर अर्थ व सांख्यिकी संचालनालयाची ‘महाराष्ट्राची आर्थिक पाहणी’, आणि जिल्ह्यासाठी त्यांचंच ‘जिल्हा सामाजिक व आर्थिक समालोचन’. दोन्ही मराठीत आहेत, आणि तरीही समालोचन उघडणारे विद्यार्थी फार थोडे.

## 8. शासन निर्णय आणि कायदे

शासन निर्णय राज्याच्या अधिकृत संकेतस्थळावर विभाग, तारीख आणि शब्द टाकून शोधता येतात. चूक होते ती एकच विभाग पाहण्यात. ऊसतोड कामगार कल्याण महामंडळ आणि संत भगवानबाबा वसतिगृह योजना सामाजिक न्याय विभागात, हंगामी वसतिगृहं शालेय शिक्षण विभागात, महिला कामगारांच्या आरोग्याचा विषय सार्वजनिक आरोग्यात, मजुरीचा प्रश्न कामगार आणि सहकार विभागात. विभागही बदलतात: दिव्यांगांचा विषय 2022 च्या अखेरपर्यंत सामाजिक न्याय विभागात होता, मग स्वतंत्र विभाग झाला. म्हणजे एकाच योजनेचे जुने आणि नवे निर्णय दोन दारांत सापडतात.

निर्णय हाती आला की वरचा ‘वाचा’ किंवा ‘संदर्भ’ हा भाग आधी पाहा. त्यात आधीच्या निर्णयांचे क्रमांक आणि तारखा असतात. त्या धरून मागे गेलं की योजनेचा सगळा प्रवास हाती येतो. मग पुढे या: नंतर शुद्धिपत्रक निघालं का, निकष बदलले का, तो निर्णय अधिक्रमित झाला (त्याच्या जागी नवा आला) का? रद्द झालेल्या निर्णयावर आख्खं प्रकरण उभं केलेले प्रबंध दर वर्षी दिसतात.

कायद्यांचं मूळ पाठ ‘इंडिया कोड’वर वाचा, गाईडबुकात नाही. केंद्राचा कायदा आणि राज्याचे नियम वेगळे, दोन्ही लागतात. आपल्या विषयात आणखी एक मेख आहे. जुन्या प्रबंधांत 1979 च्या आंतरराज्य स्थलांतरित कामगार कायद्याचा हवाला असतो. बीडहून कर्नाटकात जाणाऱ्याला तो लागू होता, बीडहून कोल्हापूरला जाणाऱ्याला नाही. आणि 21 नोव्हेंबर 2025 पासून चार श्रम संहिता लागू झाल्यावर तो कायदाही त्यांत विलीन झाला. जुनी कलमं जशीच्या तशी उतरवू नका.

माहिती अधिकार वापरायचा असेल तर अर्ज याच टप्प्यावर टाका, फिल्डवर्क संपल्यावर नाही. उत्तराला 30 दिवसांची मुदत असते, त्यात अपील धरलं तर सत्र निघून जातं. फी 10 रुपये. महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय आणि 150 शब्दांची मर्यादा आहे. ‘योजनेची संपूर्ण माहिती द्यावी’ असं लिहू नका. ‘अमुक तालुक्यात 2023-24 मध्ये किती हंगामी वसतिगृहं सुरू होती, त्यांत किती मुलं-मुली दाखल होत्या’ असं विचारा.

## 9. बाहेरची ग्रंथालयं

इथवर आलात की कोणतं पुस्तक, कोणता अहवाल हवा याची यादी तयार असते. बाहेर जायचं ते यादी घेऊनच. नुसतंच ‘बघून येऊ’ म्हणून पुण्या-मुंबईला गेलेला दिवस चहात जातो.

मुंबईत देवनारला टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचं सर दोराबजी टाटा स्मृती ग्रंथालय. पुण्यात गोखले संस्थेचं धनंजयराव गाडगीळ ग्रंथालय, जुने शासकीय आणि जनगणनेचे अहवाल पाहायचे तर तिथेच. कर्वे समाज सेवा संस्थेतही समाजकार्याचा संग्रह आहे. आदिवासी विषय असेल तर पुण्याची आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्था, अनुसूचित जातींशी संबंधित असेल तर बार्टी (डॉ. बाबासाहेब आंबेडकर संशोधन व प्रशिक्षण संस्था). आरोग्य आणि स्त्रियांवरील हिंसा या विषयांवर मुंबईच्या ‘सेहत’ या संशोधन संस्थेचे अहवाल त्यांच्या संकेतस्थळावर मोफत आहेत, त्यासाठी प्रवासाची गरज नाही.

निघण्यापूर्वी त्यांच्या ओपॅकवर पुस्तक आहे ना ते घरूनच पाहा, फोन करून बाहेरच्या विद्यार्थ्यांसाठीचे नियम आणि शुल्क विचारा, कॉलेजचं पत्र आणि ओळखपत्र बरोबर घ्या. पत्रावर विषय आणि तारखा हव्यात.

आपली फिल्डवर्कची एजन्सी, म्हणजे जिथे प्रत्यक्ष काम करता ती संस्था, विसरू नका. वार्षिक अहवाल, पाहणीचे जुने फॉर्म, बैठकींची इतिवृत्तं यांत असं काही सापडतं जे कुठल्याच ग्रंथालयात नसतं. मात्र ते वापरायची लेखी परवानगी घ्या, आणि केस फाइलमधली नावं-गावं स्वतःच्या वहीतही उतरवू नका.

## 10. थांबायचं कधी, आणि मग काय

नवे लेख उघडता आणि त्यांच्या संदर्भसूचीत तीच ती नावं दिसू लागतात, तेव्हा शोध पुरेसा झाला. सत्तर संदर्भ जमवून पंधरा वाचण्यापेक्षा तीस जमवून तीस वाचलेले बरे.

लिहिताना लेखकवार परिच्छेद पाडू नका. ‘अमुक यांनी अभ्यास केला, तमुक यांनी अभ्यास केला’ ही यादी झाली, आढावा नव्हे. पहिल्या टप्प्यात सुटे केलेले घटक घ्या आणि प्रत्येकाखाली कोण काय म्हणतं, कुठे मतभेद आहेत, बीडबद्दल काय सापडलं नाही, ते मांडा.

आणि मगच मुलाखत अनुसूचीला हात घाला. वाचलेल्या प्रबंधांतल्या प्रश्नावल्या शेजारी ठेवा. सर्वेक्षणांचे प्रश्न घेतलेत तर वयोगट आणि संदर्भकाळ त्यांचाच ठेवा, नाहीतर तुमचे आकडे जिल्ह्याच्या आकड्यांशी ताडून पाहता येणार नाहीत. प्रत्येक प्रश्नापुढे पेन्सिलीने लिहा की तो कोणत्या घटकासाठी आहे. ज्याच्यापुढे काहीच लिहिता येत नाही तो प्रश्न काढा, सुधारलेली प्रत गाईडना दाखवा, आणि पूर्वचाचणीसाठी पाच-सहा कुटुंबांकडे जा. तोडीला निघण्याआधी, दसऱ्याच्या आतच, कारण त्यानंतर गावात विचारायला मुलांचे आईवडील मिळणार नाहीत.